बोळक्याचे सर

आमच्या मागच्या खोलीत सर तीस वर्षं भाड्यानं राहिले. या तीस वर्षांत त्यांनी वास घेतल्याशिवाय काही तोंडात घातलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. भाकरीचा वास, केळ्याचा वास, औषधाच्या गोळीचासुद्धा वास. सकाळी पेपर आला की आधी तो नाकाला लावायचे, "ताजा आहे" म्हणायचे आणि मग बातम्या वाचायला घ्यायचे.

लग्न होऊन मी वसईजवळच्या निर्मळला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या हाती चहाचा कप दिला आणि म्हणाले, मास्तरांना देऊन ये. खोलीच्या दारात पन्नाशीला टेकलेला एक उंच, हडकुळा माणूस लुंगीवर उभा होता. त्यानं कप घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि दोनदा वास घेतला. मग प्यायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरात येऊन सासऱ्यांना म्हटलं, "तुमच्या भाडेकरूला काय वाटतं, मी चहात विष घातलंय?" सासरे हसले. म्हणाले, "अगं, तो देवळातल्या प्रसादाचाही वास घेतो. तुझा चहा कुठं घेऊन बसलीस!"

कारण मला नंतर कळलं. कारण एक साप होता.

सर वर्ध्याकडचे. आगाशीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत म्हणे, पण घरी आले की चपलेबरोबर ती भाषाही दाराबाहेर काढून ठेवायचे. लग्न केलं नव्हतं. का, हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." त्यांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतभर फळ्यांवर काचेच्या बरण्या. बरण्यांत अंड्यांची टरफलं. चिमणीची, बुलबुलाची, मुनियांची, कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात घातलेल्या अंड्याचीसुद्धा. गावातली पोरं त्यांना 'अंडेवाले सर' म्हणायची. सर ऐकायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे, अंडेवालाच आहे मी.

तो साप म्हणजे अंडीखाऊ साप. फक्त पक्ष्यांची अंडी खाऊन जगणारा. मी मशीनवर ब्लाउज शिवत बसायची तेव्हा सर ओटीच्या पायरीवर बसून त्याची माहिती सांगायचे. वीतभर-दोन वीत लांब, फार तर तीन वीत. तपकिरी अंग, पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक पांढुरकी रेघ. तोंडात दात जवळजवळ नाहीतच. दात आहेत ते घशात, म्हणजे मानेच्या मणक्यांनाच खालून टोकं फुटलेली. अंडं आख्खं गिळायचं, मान आवळायची, त्या टोकांनी आतल्या आत कवच करवतायचं. एकदा मला हे नीट कळेना, तर त्यांनी माझ्या मशीनवरची शिवलेली बाही उचलली, तिच्यात एक लिंबू सरकवलं आणि बाहेरून पिळून दाखवलं. बाही एका गिऱ्हाइकाच्या लेकीच्या साखरपुड्याची. मी इतकी बोलले त्यांना, इतकी बोलले, की सर चार दिवस ओटीवर आले नाहीत. पाचव्या दिवशी बाहीच्या कापडाचा तुकडा घेऊन आले. आगाशीच्या बाजारात तीन दुकानं फिरून त्यांनी अगदी तोच रंग आणला होता.

"आतलं पोटात जाते," ते सांगायचे, "अन् टरफल बाहेर थुंकते. चोळामोळा केलेलं, एका बाजूनं चिरलेलं." टरफल बाहेर टाकतो की पोटातच जिरवतो, यावर जाणकारांत वाद आहे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पण सरांपुढे वाद नव्हता. "मी पाह्यलं आहे," म्हणायचे. विषय संपला.

आणि वासाचं सांगायचे. हा साप अंडं गिळण्याआधी ते चाचपतो, वास घेतो. ताजं असेल तर घेतो. नासलेलं असेल किंवा आत पिल्लू धरलं असेल तर तोंड फिरवून निघून जातो. मग उपाशी राहील, पण तसलं अंडं खाणार नाही. "एवढी अक्कल सापाले आहे, सूनबाई. मानसाले नाही. मानूस काईबी गिळते."

पक्षी अंडी घालतात ते चार महिने. बाकीचं वर्ष हा साप काय खातो, मी विचारलं होतं. "चार मयने जेवते, आठ मयने आठवनीवर रायते," सर म्हणाले. हे मला फार आवडलं होतं. आमचे हे सकाळी सहाला मुंबईला नोकरीसाठी निघायचे ते रात्री यायचे, घरात दिवसभर मी आणि सासरे. सासरे विचारणार, आज भाजी काय. गिऱ्हाइकं विचारणार, ब्लाउज कधी. आज काय पाहिलंस, असं मला फक्त सर विचारायचे. मग मी दिवसभर काहीतरी बघून ठेवायला लागले. आमच्या केळीच्या वाडीतल्या लिंबाच्या झाडात मुनियानं काडी नेली. केळफुलावर कुठला पक्षी आला. संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं ना.

सरांनी तो साप पाहिला ते आठ-नऊ वर्षांचे असताना. आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीनं लग्न झाल्यावर या भावाला सासरी बरोबर नेलं आणि वाढवलं. त्यांच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. तर या बाईच्या गोठ्यात, आढ्याला चिमणीचं घरटं होतं, तिथं दिवेलागणीला तो साप निघाला. माणसं काठ्या घेऊन धावली. बाई आडवी उभी राहिली. म्हणाली, "काहून मारता? त्याच्या तोंडात दात तं दिसत नाई. माह्या सासूसारखा बोळका आहे बिचारा. बोळक्याले मारता काय?" सासू तिथंच होती. माणसं हसायला लागली आणि साप वाचला. दुसऱ्या दिवशी गोठा झाडताना बाईला एक चुरगळलेलं टरफल सापडलं, ते तिनं तंबाखूच्या डबीत घालून भावाला दिलं. तेव्हापासून घरात त्या सापाचं नाव बोळक्या.

पुढे कॉलेजात सरांनी हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. हा साप आता कुठं उरलेलाच नाही, असं तेव्हा समजत. पोरवयात काहीतरी भलतंच पाहिलं असेल, म्हणाले. आणि मग कितीतरी वर्षांनी, सर इथं पोरांना नववीचं विज्ञान शिकवत असताना, दुसऱ्याच कुणाला तो सरांच्या मुलखात सापडला. पेपरात फोटो आला. पाठीवर पांढरी रेघ, सगळं तसंच. सर तो पेपर घेऊन ओटीवर आले. त्यांनी वास घेतला, बातमी पूर्ण वाचली, घडी घातली.

"शिळं आहे, सूनबाई," म्हणाले. "हे मी कवाच पाह्यलं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही फार आग्रह केला नाही.

तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला की बोळक्या इथं शोधायचा. वसईत. इथं तो नाही, कुठल्याही पुस्तकात नाही, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, सर, विदर्भातला साप इथं समुद्राकाठी कशाला येईल? तर म्हणाले, "मी आलो नं?" निवृत्त झाल्यावर तर रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचे. निर्मळच्या वाड्या, आगाशीच्या वाड्या, आणि बस बदलून थेट जूचंद्रपर्यंत. झाडाखाली, कुंपणाखाली वाकून टरफलं वेचायचे. जूचंद्रला भातशेती करणारी एक म्हातारी होती, ती त्यांना बांधावर बसवून घ्यायची, म्हणायची, "मास्तर, आदी पानी प्या, मंग तुमची अंडी शोधा."

तिनंच एकदा निरोप धाडला की पाठीवर रेघा असलेला साप लोकांनी मारलाय. सर तसेच धावले, मीही गेले बरोबर, कारण त्यांनी चप्पलही घातली नव्हती. मेलेला साप बांधावर पडला होता. सरांनी उकिडवं बसून त्याचं तोंड उघडलं आणि बोट फिरवलं. दात होते. "तस्कर जातीचा आहे," म्हणाले. "बिनविषारी." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारी गोंधळली. "मास्तर, दात हायती, म्हंजे तुमचा नाय ना ह्यो? मंग रडता कशाला?"

सर म्हणाले, "कोनाचा तरी असन नं."

असा माणूस. लोक हसायचे, मीही हसले आहे. पण त्यांच्यासारखं कुणासाठीही रडणं मला जमलेलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

दहा वर्षांपूर्वी, गणपती होऊन गेल्यावर, सर ओटीवर आले आणि म्हणाले, "सूनबाई, खोली सोडतो." भाच्याचा फोन आला होता. बाई पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. "एकदा येऊन जा" म्हणाली होती. पण सर नुसते जाऊन येणार नव्हते, कायमचेच निघाले होते. "तिनं मले वाढवलं. आता मी तिले उचलून बसवीन." शनिवारचं तिकीट काढलेलं होतं. सासरे म्हणाले, जा मास्तर, हेच बरोबर आहे. मीही तेच म्हणायला हवं होतं. त्या दिवशी माझी शिलाई तीनदा वाकडी गेली.

मला सर जायला नको होते. सरळ सांगते, लाज कसली. वडील होते का ते माझे? नव्हते. पण या घरात मी बघितलेलं ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. 'थांबा' म्हणायला माझं काय नातं? भाडेकरूला कुणी थांबा म्हणतं का? आणि खुब्याचं हाड काय, जुळतं. आठ दिवसांनी गेले तर काय बिघडणार आहे, असं मी मनाशी म्हणत होते.

गुरुवारी दुपारी सासरे झोपले असताना मी लिंबाच्या झाडातल्या मुनियाच्या घरट्यातून एक अंडं उचललं. पांढरं, बोटाच्या पेराएवढं. मशीनची सोळा नंबरची सुई काढली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, आतलं फुंकून टाकलं. मग ब्लेडनं एका बाजूला चीर दिली आणि टरफल चिमटीत हळूच चुरगळलं, आतल्या पापुद्र्यानं तुकडे धरून ठेवले. वर्षानुवर्षं ऐकत आले होते, कसं दिसतं ते मला पाठ होतं. ते लिंबाखाली, पाचोळ्यावर ठेवलं.

शुक्रवारी सकाळी सर शेवटची चक्कर मारायला वाडीत गेले. मी ओटीवरून बघत होते. ते वाकले. उचलून तळहातावर घेतलं. मग नाकाशी नेलं आणि वास घेतला. फार वेळ घेतला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तळहाताकडे.

"आला," म्हणाले. "सूनबाई, बोळक्या आला."

आणि तो साठीतला माणूस केळीच्या दोन रांगांमधून लुंगी आवरत नाचला. सासरे बाहेर येऊन म्हणाले, "मास्तरांचं डोकं फिरलं वाटतं." तिकीट रद्द झालं. भाच्याला फोन करून सरांनी सांगितलं, आठ दिस, फक्त आठ दिस. मग लिंबाखाली घडीची खुर्ची टाकून बसले. मी तिथंच त्यांना चहा देत होते, जेवण देत होते. मला आनंद झाला होता. हेही सांगायलाच हवं.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. ज्या टरफलासाठी एवढी वर्षं वणवण केली, ते सरांनी एकाही जाणकाराला दाखवलं नाही. नुसतं काडेपेटीत घालून ठेवलं. पण चोराच्या मनात चांदणं. ते कुणी तपासून बघत नाही यातच मी सुखी होते.

सहाव्या दिवशी भाच्याचा फोन आमच्या घरच्या नंबरावर आला, कारण सरांचा मोबाइल खोलीत पडलेला. बाई पहाटे गेली होती. अंगणातून लिंबाच्या झाडापर्यंत किती पावलं असतील? चाळीस. ती मी कशी चालले मला आठवत नाही. सरांनी ऐकलं, उठले, खुर्चीची घडी घातली. "त्याइले सांग," म्हणाले, "माह्यासाठी थांबू नका." पोचेपर्यंत सगळं उरकलेलंच असणार होतं.

पंधरा दिवसांनी ते परत आले. बाई नव्हती, मग तिथं कुणासाठी राहायचं. हातात जाताना नेलेलीच पिशवी आणि एक तंबाखूची जुनी डबी. आत टरफलाचा नुसता चुरा. गाव सोडताना त्यांनी ती बाईकडे ठेवायला दिली होती, तिनं ती शेवटपर्यंत उशाखाली ठेवली, असं भाचा म्हणाला. सरांनी ती डबी माझं टरफल ठेवलेल्या काडेपेटीशेजारी फळीवर ठेवली. नंतर पुन्हा कधी ते टरफलं वेचायला गेले नाहीत. मी विचारलंही नाही.

मला हवं होतं ते झालं होतं. सर राहिले. पुढची दहा वर्षं सकाळचा चहा, चारचा चहा, दोन वेळचं जेवण, गोळ्या, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं मी केलं. सासरे गेले त्यानंतरही केलं. आळीतल्या बायका म्हणायच्या, परक्या माणसाचं एवढं कोण करतं, पुण्यवान गं बाई तू. माझं मन मला खात होतं. रोज कप घेऊन जाताना वाटायचं, आज सांगते. रोज रिकामा कप घेऊन परत यायची.

सर गेले त्याला आता तीन महिने झाले. जायच्या बारा दिवस आधीची गोष्ट. शेजारची वाडी विकली गेली आहे, तिथं इमारतीचे खांब उभे राहिलेत, आणि कुंपण सरकवताना आमचं लिंबाचं झाड तोडलं. सर ओटीवर खाटेवर पडून त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. मी चारचा चहा घेऊन गेले. त्यांना उशीला टेकवून बसवलं. अंगात काही उरलं नव्हतं, सहज उचलले गेले. बाईला असंच उचलून बसवणार होते ते. तेवढ्यानं माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. अंडं, सुई, ब्लेड, पाचोळा. त्यांच्या पायाशी बसून सांगितलं.

सरांनी हात पुढे करून कप घेतला. मग म्हणाले, "मशीनच्या तेलाचा वास येत होता."

मला आधी कळेना.

"टरफलाले. सुईचं तेल लागलं होतं नं. हातात घेतलं तवाच समजलं."

"मग तिकीट का रद्द केलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"भाच्यानं मले पयल्याच फोनात सांगतलं होतं, बाई यातून उठनार नाही. तुमाले कोनालेच नव्हतं सांगतलं मी. मले भेव वाटे, सूनबाई. ज्या बाईनं काठ्याइपुढं उभं राहून साप वाचवला, ती अंथरुनात कशी दिसन? पाहाची हिंमत नव्हती. तू निमित्त देलं, मी घेतलं. नासकं आहे हे माहीत असून गिळलं."

मी म्हटलं, "दहा वर्षं मी जळतेय सर. मला एका शब्दानं सांगायचं होतं."

ते कपाकडे बघत राहिले. कप त्यांच्या दोन्ही हातांत होता.

"तू रोज चहा आनत होती," म्हणाले. "सांगतलं असतं अन् बंद झाला असता तं? माया होती का पाप फेडत होती तू, हे मी कधी वास घेऊन पाह्यलं नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खरंच. बाईच्या गावाहून परत आल्यापासून सरांनी माझ्या हातच्या कपाला नाक लावलं नव्हतं. दहा वर्षं, रोज दोनदा, मी समोर उभी असायची आणि मला दिसलं नव्हतं. आज काय पाहिलंस, असं विचारणारा माणूस समोर होता, आणि मी हे पाहिलं नव्हतं.

"दोन्ही होतं, सर," मी म्हटलं. "प्या आता. निवतोय."